पार्श्वभूमी : छोट्या रणातील मीठ आणि सौरपंप

कच्छच्या छोट्या रणात पिकणारे मीठ समुद्राच्या पाण्याचे नसते. कोकणातल्या मिठागरांत भरतीचे पाणी आपसूक आत घेता येते. रणात मात्र जमिनीखालचे, समुद्रापेक्षा कितीतरी अधिक खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडावे लागते. सुमारे 5,000 चौरस किलोमीटरच्या या उजाड प्रदेशात आतवर विजेच्या तारा नाहीत. त्यामुळे मीठ पिकवणारे ऊन फुकट मिळत असले, तरी पाणी वर काढण्याचा खर्च मीठ पिकवणाऱ्या अगरिया कुटुंबांच्या जिवावर उठत आला आहे. (कोकणातले ‘आगरी’ आणि रणातले ‘अगरिया’ या दोन्ही नावांत ‘आगर’ हाच शब्द आहे.)

पूर्वी हा उपसा अंगमेहनतीने होई. डिझेल इंजिने आल्यावर पाणी मुबलक मिळू लागले, पण उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा इंधनच गिळू लागले. पावसाळा ओसरल्यावर कुटुंबे रणात मुक्कामाला जातात, त्याआधीच व्यापाऱ्याकडून डिझेलसाठी आणि किराण्यासाठी उचल घेतलेली असते. हंगामाअखेर मीठ त्यालाच, त्याने ठरवलेल्या भावाने द्यावे लागते. रानगाढवांसाठी 1973 मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरील हक्काचा प्रश्न अधिकच बिकट झाला. तारण ठेवायला जमीन नाही, म्हणून बँकेचे कर्ज दुरापास्त, आणि म्हणूनच उचल टळत नाही. माझ्या मते या कर्जबाजारीपणाचे मूळ इंजिनापेक्षा जमिनीच्या हक्कात अधिक आहे.

इला भट्ट यांनी 1972 मध्ये स्थापन केलेल्या, स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या ‘सेवा’ या संघटनेत मीठकामगार स्त्रियाही आल्या. डिझेलवर होणारा खर्च कमी करण्यासाठी संघटनेने सौरपंपांचा मार्ग धरला. आरंभी दिवसा सौरपंप आणि रात्री इंजिन अशी जोडव्यवस्था होती, कारण वाफ्यांना पाण्याचा खंड चालत नाही. पुढे गुजरात सरकारने पंपांवर 80 टक्के अनुदान दिले आणि त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. ज्या झोपडीशेजारी डिझेलचे पिंप उभे असे, तिथे आता निळी पॅनेले उभी राहिली आहेत.

पावसाळ्यात रण पाण्याखाली जाते. त्याआधी लाकडी दाताळ्यांसोबत पॅनेलेही उतरवून ट्रॅक्टरवर लादली जातात आणि गावातल्या घरात भिंतीला टेकून पुढच्या हंगामापर्यंत पडून राहतात.