छावणीत दिवस भरतात तेव्हा

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा माझ्या आजीला नववा लागला होता. नदीकाठचं घर गेलं, मग एका शाळेच्या वर्गात आठ-दहा बिऱ्हाडं, आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. बायकांनी दोन खिडक्यांना नऊवारी बांधून आडोसा केला, कुणीतरी स्टोव्हवर कात्री उकळली आणि माझा काका झाला. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा पुराबद्दल कमी आणि त्या कात्रीबद्दलच जास्त बोलायची, कात्री उकळायची जिला सुचली तिचे पाय धरावेत म्हणायची.

आजीला त्यातही एक आधार होता, काही बिनसलं असतं तर ससून त्याच शहरात होतं. पण बांगलादेशातल्या कॉक्स बझारला ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून ७ लाखांहून जास्त रोहिंग्या आले, त्यातल्या कितीतरी बायका पोटुशी असताना डोंगर-चिखल तुडवत आल्या, त्यांच्यासमोर ताडपत्री आणि बांबू सोडून काहीच नव्हतं. निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तंबू, पाण्याचे टँकर, धान्याची पोती येतात, बाळंतपण येतच नाही. मदत करणाऱ्या संस्थांचंही बरीच वर्षं असंच होतं. १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेत निर्वासित बायकांच्या सुखरूप बाळंतपणाच्या हक्कावर बोललं गेलं, १९९५ मध्ये संस्थांचा एक गट बनला आणि त्यातून एक 'किमान पॅकेज' तयार झालं, म्हणजे संकट आल्यापासून ४८ तासांच्या आत काय काय सुरू व्हायलाच हवं त्याची यादी.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की हे पॅकेज सर्व्हे होईपर्यंत थांबत नाही. कारण हिशोब आधीच करता येतो. १०,००० माणसांची छावणी धरा, जन्मदर ४ टक्के धरला तर वर्षाला ४०० बाळंतपणं, म्हणजे महिन्याला तेहेतीस-चौतीस, रोज एक तरी. त्यातल्या साधारण १५ टक्के बायकांना काहीतरी गंभीर अडचण येणार, म्हणजे वर्षाला ६० जणी. कोणत्या ६० ते सांगता येत नाही, पण येणार हे नक्की, मग पहिल्या ट्रकमध्ये त्यांचं सामान का नसावं?

या अडचणींमध्ये सगळ्यात वाईट म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त येत असतं. बाळ झालं, वार पडली, की जिथे वार चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद कोण करतं, तर पिशवीचे स्नायूच, ते या वाहिन्यांभोवती जाळीसारखे विणलेले असतात आणि पिशवी आवळली की वाहिन्या चिमटल्या जातात. पण पिशवी सैल राहिली तर नळ उघडा राहिल्यासारखं रक्त जातं, आणि धडधाकट बाई दोनेक तासात जाऊ शकते. दोन तास! छावणीतून मोठ्या हॉस्पिटलला पोचायलाच कधीकधी तेवढे लागतात.

पिशवी आवळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, स्वस्त आणि उत्तम, फक्त ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. आता ताडपत्रीखाली, लाईट नाही, उन्हाळा, तिथे कुठला फ्रीज. उन्हात पडलेली कुपी दिसायला तशीच दिसते पण आतला दम गेलेला असतो आणि नर्सला ते कळत नाही. म्हणून मिसोप्रोस्टॉल, मुळात अल्सरसाठी आलेली गोळी, तिला फ्रीज लागत नाही, बाळ झाल्याबरोबर २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने द्यायच्या, पण आधी पोटावर हात ठेवून जुळ्यातलं दुसरं आत नाही ना बघायचं. आणि अलीकडे पिशवी आवळणारं पण उष्णता सोसणारं कार्बेटोसिन हे इंजेक्शन आलंय, २०१८ ला १० देशांतल्या जवळपास ३०,००० बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता, आणि रक्तस्राव रोखायला ते ऑक्सिटोसिनइतकंच कामाचं ठरलं. तरीही रक्त थांबलं नाही तर ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांची युक्ती आहे, कॅथेटरला, म्हणजे लघवीसाठी घालतात त्या रबरी नळीला, कंडोम बांधायचा, पिशवीत सरकवायचा आणि त्यात सलाईन भरायचं, आतून दाब बसतो. त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या २३ बायकांमध्ये सगळ्यांचं रक्त थांबलं. गरज अंगावर आलेल्या बाईने हाताशी होतं त्यातून काढलेला हा उपाय, मला याचं फार अप्रूप वाटतं.

ज्या दवाखान्यापर्यंत पोचूच शकणार नाहीत त्यांच्यासाठी एक छोटं पाकीट असतं, दिवस भरत आलेल्या प्रत्येकीच्या हातात द्यायचं. माझी आत्या वेल्ह्याकडे दायांना ट्रेनिंग द्यायची, तिच्याकडे तसलंच पाकीट मी उघडून पाहिलंय: अंथरायला प्लास्टिकचा कागद, साबणाची वडी, नवं ब्लेड, नाळ बांधायला धागा, हातमोजे, बाळाला गुंडाळायला कापड. बस. आत्या दायांकडून 'पाच स्वच्छ' बोटांवर पाठ करून घ्यायची, हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, धागा स्वच्छ, नाळ स्वच्छ, आणि नाळेला शेण-राख काही लावायचं नाही, कारण धनुर्वात तिथूनच शिरतो. आजीची उकळलेली कात्री म्हणजे यातलाच तिसरा स्वच्छ.

पॅकेजमध्ये बलात्कारानंतरची मदतही आहे आणि तिथे घड्याळच सगळं ठरवतं. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, जास्तीत जास्त ५ दिवसांत. पण बाई यायला तर हवी. तंबूबाहेर रांगेत उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं असेल तर ती येणारच नाही. याच पुण्यात १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी विधवांना गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता यावं म्हणून आपल्या घरात सोय केली होती, गुप्तता हाच त्या सोयीचा पाया होता. छावणीत पण तेच लागतं, वेगळी खोली, बाई कर्मचारी, आणि हो, संडासाला आतून कडी आणि वाटेवर दिवा, कारण हल्ले बरेचदा तिथेच होतात, नाहीतर सरपण आणायच्या वाटेवर.

गर्भनिरोधकांचं थोडक्यात सांगते. घर सोडून पळताना गोळ्यांचं पाकीट कोण उचलतं? आपल्याकडे सरकारी दवाखान्यात 'अंतरा' मिळतं तसं तीन महिन्यांचं इंजेक्शन आता छोट्या फुग्यासारख्या कुपीतही येतं, एकदा शिकवलं की बाई स्वतःच्या मांडीत स्वतः टोचून घेऊ शकते.

आणि हे सगळं करून खरंच फरक पडतो का, तर झातारीकडे बघा. जॉर्डनच्या वाळवंटात जुलै २०१२ ला उघडलेली सीरियन लोकांची छावणी. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चालणाऱ्या प्रसूतिगृहात दिवसरात्र सुईणी आणि डॉक्टर असतात, सिझर लागलं तर बाहेर न्यायला गाडी तयार असते, आणि तिथे हजारो बाळंतपणं झाली तरी एकही आई दगावली नाही.