काँक्रीट स्लॅबमधील प्रारणी तळतापन

थंड प्रदेशांत तळमजल्याच्या काँक्रीट स्लॅबमध्ये नळ्यांची वेटोळी पुरून त्यांतून कोमट पाणी फिरवायचे आणि तापलेल्या स्लॅबने खोली उबदार ठेवायची, अशी ही पद्धत आहे. फरशीखालून तप्त वायू खेळवण्याची रोमन हायपोकॉस्ट आणि कोरियन ओंदोल ही तिची जुनी रूपे होत. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेतील मॅडिसन येथे १९३७ मध्ये बांधलेल्या जेकब्स यांच्या घरात काँक्रीटच्या तळाखालून तापननळ्या नेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील लेव्हिटटाउन या मोठ्या प्रमाणावर बांधलेल्या वसाहतीच्या घरांत तांब्याच्या नळ्या स्लॅबमध्ये घातल्या गेल्या आणि पुढे त्यांतील अनेक गळू लागल्या. आता त्यांची जागा पेक्स या प्लॅस्टिकच्या सलग, बिनजोड नळ्यांनी घेतली आहे.

नळ्या घालायच्या की नाही, हा निर्णय काँक्रीट ओतण्यापूर्वीच घ्यावा लागतो, कारण नंतर नळ्या घालायच्या तर जुन्या स्लॅबवर नवा थर चढवावा लागतो आणि दारांची व पायऱ्यांची उंची बिघडते. म्हणून घराची उष्णताहानी आधी मोजली पाहिजे. पायांना मिळणाऱ्या उबेच्या मोहाने निर्णय घेणे चुकीचे ठरते. वावराच्या जागी फरशीचे तापमान २९ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे २० अंशांच्या खोलीत दर चौरस मीटरमागे सुमारे १०० वॉटपेक्षा अधिक उष्णता मिळत नाही. हानी याहून मोठी असेल, तर आधी भिंती आणि खिडक्या सुधाराव्यात. उलट उत्तम उष्णतारोधन असलेल्या घराला १५ वॉटही पुरतात. तेव्हा फरशी खोलीपेक्षा दीड-दोन अंशांनीच गरम राहते आणि पायांना ती उबदार लागतच नाही. अशा घरात केवळ सुखद स्पर्शासाठी हा खर्च करू नये, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

दुसरा विचार स्लॅबच्या जडपणाचा. १०० चौरस मीटरचा, १० सेंटिमीटर जाडीचा स्लॅब एका अंशाने तापवण्यास सुमारे ६ किलोवॉट-तास ऊर्जा लागते, आणि तितकीच ऊर्जा तो थंड होताना सावकाश परत देतो. सतत वस्ती असलेल्या घराला किंवा कार्यशाळेला हा संथपणा मानवतो. अधूनमधून उघडल्या जाणाऱ्या घराला मात्र नाही, कारण तेथे ऊब येईपर्यंत मुक्काम संपत आलेला असतो. मोठ्या खिडक्यांतून दुपारी ऊन आत येत असेल, तर सकाळी तापवलेला स्लॅब उष्णता सोडतच राहतो आणि खोली नकोशी गरम होते. पद्धतीचा खरा लाभ पाण्याच्या कमी तापमानात आहे: साधारण ३० ते ४५ अंशांचे पाणी पुरत असल्याने उष्णता पंप (बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता खेचून घरात आणणारे यंत्र) काटकसरीने चालतो.

स्लॅबखाली आणि विशेषतः कडांना उष्णतारोधक थर नसेल, तर उष्णतेचा मोठा वाटा जमिनीत व बाहेर निघून जातो. तो थर परवडत नसेल, तर नळ्याही घालू नयेत. नळ्या दाबाखाली तपासून, दाब तसाच ठेवून काँक्रीट ओततात, म्हणजे फावड्याने झालेले छिद्र तत्काळ कळते. ओतण्यापूर्वी मांडणीची मोजमापांसह छायाचित्रे घ्यावीत, कारण पुढे स्लॅबमध्ये भोक पाडताना तीच उपयोगी पडतात. जाड गालिचा किंवा लाकडी फळ्या उष्णता अडवतात. दगड आणि टाइल्स ती सहज वर येऊ देतात.

उष्णतारोधन करायचेच असून तापनयंत्राबाबत मात्र अनिश्चितता असेल, तर नळ्या घालून त्यांची टोके बंद करून ठेवता येतात, कारण नळ्यांचा खर्च यंत्रणेच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो आणि पंप, नियंत्रक व उष्णतेचा स्रोत नंतर कधीही जोडता येतो.