मनुष्यबळ व औद्योगिक संबंध : मराठवाड्यातील नोकरीच्या वाटा

मनुष्यबळ व्यवस्थापन, श्रमकल्याण किंवा औद्योगिक संबंध या विषयांत पदवी घेतलेल्यांसाठी मराठवाड्यात असलेली कामे. कारखान्याच्या बोलीत या खात्याच्या दोन बाजू आहेत: एचआर (मनुष्यबळ) आणि आयआर (औद्योगिक संबंध). भरती, प्रशिक्षण, पगारवाढ हे एचआरचे. कामगार संघटनेशी बोलणी, शिस्तीची कारवाई, कंत्राटी कामगार, कोर्टकचेरी हे आयआरचे. छोट्या कारखान्यात दोन्ही एकाच माणसाकडे असते आणि कॅन्टीन, कामगारांच्या बसेस व गेटवरचे वॉचमनही त्यालाच सांभाळावे लागतात.

मराठवाड्यात कारखानदारी उशिरा आली. निजामाच्या काळातल्या नांदेडच्या उस्मानशाही कापड मिलसारखी उदाहरणे मोजकीच. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग बनवणाऱ्यांची मोठी साखळी त्याच्याभोवती वाढली. गंगापूर, पैठण, वैजापूरकडच्या गावांतून इथे कामाला येणाऱ्या अनेकांच्या घरी आजही शेती आहे. पेरणीच्या आठवड्यात आणि लग्नसराईत हजेरी घसरते, ती का घसरते हे ज्याला कळते त्याचे शिफ्टचे नियोजन कोसळत नाही.

शिक्षण. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या कक्षेत एमबीए व समाजकार्याचे अभ्यासक्रम चालतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र तुळजापूरला आहे, पण त्याचा भर ग्रामीण विकास व समाजकार्यावर आहे; संस्थेचा मनुष्यबळाचा नावाजलेला अभ्यासक्रम मुंबईत चालतो. प्रवेशाआधी एक गोष्ट जरूर तपासावी. कल्याण अधिकारी हे कायद्याने सांगितलेले पद आहे आणि त्यासाठी शासनमान्य पात्रताच लागते, नुसती एमबीए पुरेलच असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात हे पद सक्तीचे केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांमध्ये (केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांत) ही मर्यादा २५० वर आली, म्हणजे या जागा वाढायला हव्यात.

टाइम ऑफिस. बहुतेकांची सुरुवात इथून होते आणि ती इथूनच व्हावी. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, पगारपत्रक, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे पीएफ (भविष्य निर्वाह निधी) व ईएसआय (कामगार विमा) यांचे चलन, हे काम वरवर कारकुनी दिसते. पण खिडकीशी उभ्या माणसाचा प्रश्न क्वचितच कारकुनी असतो. आधारवर ‘ज्ञानेश्वर’चे इंग्रजी स्पेलिंग ‘डी’पासून सुरू होते, पीएफच्या नोंदीत ‘जी’पासून, तेवढ्यावर मुलीच्या लग्नासाठी काढायची रक्कम अडून राहते. ‘उद्या या’ म्हणणारा आणि संगणक त्याच्याकडे वळवून दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरून देणारा, यांतला फरक कामगार वर्षानुवर्षे विसरत नाहीत. पुढे वेतनकराराच्या टेबलावर हीच ओळख कामाला येते.

आयआर. या क्षेत्रातले सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम. चार्जशीट (आरोपपत्र) देणे, खुलासा घेणे, खात्यांतर्गत चौकशी चालवणे, निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मा निर्वाहभत्ता देणे. चार्जशीट कामगाराला समजेल अशा मराठीत असावी, चौकशी अधिकारी तटस्थ असावा, साक्षीदाराची उलटतपासणी कामगाराला करू द्यावी. यांतले काही चुकले की कामगार न्यायालयात चौकशीच सदोष ठरते. संघटनेच्या मान्यतेला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ३० टक्के सभासद पुरत. नव्या संहितेत एकट्याने वाटाघाटी करणाऱ्या संघटनेला ५१ टक्के लागतात. मागणीपत्र, गेट मीटिंग आणि तीन वर्षांचा करार यांची ज्याला सवय झाली, त्याला पुण्याच्या चाकण, रांजणगावकडूनही बोलावणे येते. कायद्याची पदवी जोडली तर वकिली किंवा सल्लागारीची वाट मोकळी होते. जालन्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिल, लातूरच्या डाळमिल अशा ठिकाणी स्वतंत्र एचआर क्वचित असतो; तिथले मस्टर (हजेरीपत्रक) व विवरणपत्रे बाहेरचे सल्लागारच पाहतात.

सरकारी जागा. सरकारी कामगार अधिकारी व सहायक कामगार आयुक्त या पदांसाठी राज्य लोकसेवा आयोग, भविष्य निर्वाह निधी संघटनेतल्या अधिकारीपदांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ, महावितरण, एसटी यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे.

साखर कारखाने व ऊसतोड. साखर कारखान्यात लेबर ऑफिसर हे जुने, मानाचे पद. कायम व हंगामी कामगारांचे वेतन राज्यपातळीवरच्या त्रिपक्षीय करारातून ठरते आणि हंगामी माणसाचा बिगरहंगामातला भत्ताही लेबर ऑफिसरलाच पाहावा लागतो. परंतु त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारा बीड जिल्ह्यातला मजूर या मस्टरवर नसतो. त्याला मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देऊन आणतो, नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते आणि बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेब बहुधा राहत नाही. तिथे ना हजेरीपत्रक, ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आणि काही स्वयंसेवी संस्था नोंदणी, मुलांची वसतिगृहे, आरोग्य यांवर काम करतात. टाइम ऑफिसात शिकलेली नोंदवही ठेवण्याची विद्या ऊसतोडीच्या फडावर फार कमी पदवीधर घेऊन गेले आहेत. गरज मात्र तिथेच सर्वांत जास्त आहे.