मोटारसायकलची चेन : वंगण व देखभाल

गिअरबॉक्सकडून मागच्या चाकाकडे गती नेणाऱ्या रोलर चेनची सफाई, वंगण, ताण आणि झीज यांची वेळच्या वेळी घ्यावयाची काळजी. स्कूटरमध्ये हे काम बंद कव्हरातला रबरी पट्टा व गिअर करतात; त्यामुळे ही नोंद चेनवर चालणाऱ्या मोटारसायकलींपुरती आहे. गोव्यात अशा गाड्या रोजच्या कामाला आणि पायलटांच्या (पिवळ्या पुढच्या मडगार्डची मोटारसायकल-टॅक्सी चालवणाऱ्यांच्या) धंद्याला जुंपलेल्या असतात. खारी हवा, लांबलेला पाऊस आणि तांबडी माती या तिन्हींचा मारा चेनवर होत असल्याने कंपनीच्या पुस्तिकेत छापलेली मुदत येथे पुष्कळदा पुरत नाही.

उगम : दातेरी चक्रावर फिरणाऱ्या साखळीचा सर्वांत जुना उल्लेख बायझँटियमच्या फिलोने (इ. स. पू. तिसरे शतक) वर्णिलेल्या, एकामागून एक बाण फेकणाऱ्या यंत्रात आढळतो. मात्र त्या यंत्रातली साखळी एका आसाची फिरती गती दुसऱ्या आसाला अखंड पुरवत नव्हती, असा आक्षेप विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडम यांनी घेतला. त्यांच्या मते हा मान अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील खायफंग येथे सू सुंगने उभारलेल्या खगोलीय घड्याळातील साखळीकडे जातो. लिओनार्दो दा विंचीच्या माद्रिद येथील हस्तलिखितांत साखळीची रेखाटने आहेत. ती प्रत्यक्षात घडवली गेली असावीत असे मानायला फारसा आधार दिसत नाही.

आजच्या चेनपुरते पाहिले तर वाद अधिक अरुंद आहे. फ्रान्समध्ये आंद्रे गाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साखळीत (1829) कड्या जोडणाऱ्या पिना थेट कडीच्या पट्ट्यांच्या भोकांत फिरत. सगळा भार पट्टीच्या पातळ कडेवर येई आणि भोके लवकर लांबट होत. जेम्स स्लेटरच्या 1864 च्या पेटंटाकडे काही लेखक रोलर चेनचे मूळ म्हणून पाहतात. मूळचा स्विस असलेल्या हान्स रेनॉल्डने 1879 मध्ये स्लेटरचा सॅलफर्ड येथील व्यवसाय घेतला आणि 1880 मध्ये बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट मिळवले. पिन आणि रोलर यांच्यामध्ये नळीसारखा बुश आल्याने भार पिनेच्या जवळजवळ सर्व लांबीवर पसरला, आणि तेल टिकायला जागा मिळाली. वंगणाच्या दृष्टीने विचार करणाऱ्याला रेनॉल्डचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. आरंभीच्या मोटारसायकलींत चामडी पट्टे होते. पहिल्या महायुद्धानंतर चेनचा वापर वाढत जाऊन ती सार्वत्रिक झाली. सांध्यात कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंना रबरी रिंगा बसवलेली चेन सु. 1970 नंतरच्या दशकात प्रचारात आली असावी.

झीज कोठे होते : आतल्या पट्ट्यांत बुश दाबून बसवलेले असतात, बुशवर रोलर मोकळा फिरतो आणि बाहेरच्या पट्ट्यांच्या पिना बुशमधून आरपार जातात. पुढचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर चढते ते दातेरी चक्र) 14 दातांचे असेल, तर त्यावर चढताना आणि उतरताना प्रत्येक सांधा सु. 26° वळतो. हे वळणे पिन आणि बुश यांच्यामध्ये होते, आणि खरी झीजही तेथेच होते. ‘चेन ताणली’ असे आपण म्हणतो तेव्हा पट्ट्या लांबलेल्या नसतात, सांधे झिजलेले असतात. 428 जातीच्या 110 कड्यांच्या चेनमध्ये दर सांध्याला 0.1 मिमी. झीज झाली, तरी एकूण लांबी 11 मिमी. वाढते. (पहिला आकडा इंचाचे आठवे भाग दाखवतो : 428 मध्ये दोन पिनांतले अंतर 12.7 मिमी., 520 मध्ये 15.875 मिमी.) म्हणून चेन बाहेरून काळीभोर, तेलकट दिसली एवढ्यावर समाधान मानू नये. तेल आतल्या व बाहेरच्या पट्टीच्या फटीतून पिनेपर्यंत उतरले पाहिजे. वरून थापलेले घट्ट ग्रीस त्या फटीत शिरत नाही. उलट वाळू धरून ठेवते. रिंगांच्या चेनमध्ये पिनेचे ग्रीस आतच असते. तेथे बाहेरचे तेल रोलरसाठी, गंज रोखण्यासाठी आणि रिंगा कोरड्या पडू नयेत म्हणून लागते.

गोव्यातील परिस्थिती : पणजीला वर्षाकाठी सु. 3,000 मिमी. पाऊस पडतो, घाटपायथ्याच्या सत्तरी-सांगे भागात त्याहून अधिक. चाकाने उडवलेले पाणी चेनवरचे तेल धुऊन नेते. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी असली, तरी कळंगुट किंवा कोलव्याच्या रस्त्यांवर वाऱ्याने आलेली वाळू असतेच. ती मुख्यतः क्वार्ट्झची, म्हणजे मोहस श्रेणीत 7 कठिनतेची. तेलात मिसळली की तिची घासण्याची पेस्ट होते. रायबंदर–चोडण किंवा पणजी–बेती फेरीबोटीच्या उतारावरचे मचूळ पाणी चेनवर उडते आणि त्यातील क्लोराइडमुळे पट्ट्यांवर बारीक खड्डे पाडणारा गंज चढतो. डिचोली, सांगे, केपे या खाणपट्ट्यांत लोहखनिजाची भुकटी आणि जांभ्याची धूळ कव्हराच्या आत साचते.

या धुळीमुळे एक लक्षण हमखास नजरेतून सुटते. सांधा आतून कोरडा पडला की पिन व बुश घासून लालसर-तपकिरी भुकटी पट्ट्यांच्या फटीतून बाहेर येते. अन्यत्र ती लगेच ओळखू येते, गोव्यात मात्र रस्त्यावरची माती समजून पुसून टाकली जाते. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. दोन-चार कड्या रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ पुसाव्यात, तेल न लावता कोरड्या डांबरी रस्त्याने आठ-दहा किमी. जाऊन यावे आणि पुन्हा पाहावे. माती पट्टीच्या सपाट तोंडावर सारखी पसरते. सांध्यातला गंज पिनेच्या डोक्याभोवती आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या रेषेत उमटतो, तोही बहुधा ठरावीक कड्यांवरच. अशा कडीत तेल मुरवून थोडे आयुष्य मिळते, झालेली झीज भरून येत नाही.

सफाई व वंगण : गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसण्याची सवय बोटे तोडणारी आहे. चाक हातानेच फिरवावे. मऊ ब्रशने रॉकेल लावून मळ सोडवावा, फडक्याने पुसावे आणि सुकू द्यावे. रिंगांच्या चेनला पेट्रोल, थिनर किंवा तारेचा ब्रश लावू नये : रबर फुगते, कडक होते किंवा कापले जाते. वॉशिंग सेंटरमधल्या दाबाच्या पाण्याचा फवारा चेनवर जवळून धरल्यास पाणी रिंगांच्या आत शिरते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर बादलीभर गोडे पाणी ओतून, पुसून, त्याच दिवशी तेल द्यावे.

साध्या चेनला नव्वद नंबरचे गिअर ऑइल (ईपी 90) उत्तम आणि स्वस्त. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना द्यावे, म्हणजे ते पातळ होऊन आत उतरते. कॅनची नळी खालच्या पदराच्या (दोन स्प्रॉकेटांमधल्या चेनच्या खालच्या भागाच्या) आतल्या बाजूला धरावी : चेन फिरू लागली की तेल बाहेरच्या दिशेला फेकले जाते व वाटेत सांध्यांतून जाते. दर कडीला दोन्ही फटींत एकेक थेंब, पूर्ण चेनला सु. 10 मिली. पुरे. चेन सगळी एकदा फिरायला मागच्या चाकाचे साधारण तीन फेरे लागतात. दहा मिनिटांनी जादा तेल पुसावे, विशेषतः टायरच्या बाजूचे. फवाऱ्याचे वंगण वापरल्यास रात्रभर तसेच ठेवावे, कारण त्यातला द्रावक उडून गेल्यावरच ते चिकटते. पाणी हटवणारे पातळ स्प्रे हे वंगण नव्हे. ते दिल्यास त्यावर तेल द्यावेच. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल लावण्याची प्रथा सोडावी. त्यात काजळी, धातूचा कीस आणि आम्ल असते.

कोरड्या ऋतूत दर 500 किमी. ला, जून ते सप्टेंबरात 200 ते 300 किमी. ला तेल देणे योग्य. हिरो होंडा सीडी 100 (1985) आणि स्प्लेंडर (1994) यांच्या पूर्ण चेन कव्हरामुळे ही मुदत लांबते. मात्र कव्हराच्या तळाचे पाणी जाण्याचे भोक चिखलाने बुजले तर चेन पाण्यातच फिरत राहते. पावसाळ्यात ते तारेने मोकळे करावे.

ताण व सरळ रेषा : दोन स्प्रॉकेटांच्या मध्यावर खालचा पदर वर-खाली किती हलतो ते मोजतात. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांत 20 ते 30 मिमी. असते, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत अधिक. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. झीज सारखी नसते, म्हणून चाक फिरवत सर्वांत ताठ जागा शोधून तेथेच मोजावे. एक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत. स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दुबेळक्यावरच्या) खुणा जुन्या गाडीत दगा देतात. स्विंगआर्मच्या बोल्टापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्हीकडे टेपने ताडून पाहणे अधिक भरवशाचे. नट घट्ट केल्यावर ढिलाई पुन्हा मोजावी. ड्रम ब्रेक असल्यास रॉडचा नट आणि ब्रेक लाइटचा स्विचही पाहावा, कारण चाक मागे सरकले की ब्रेक ओढला जातो. फार ताठ चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग आणि ऑइल सील खाते. मागे दोघे बसून गाडी दबली, की ताठपणा आणखी वाढतो. फार ढिली चेन उतरून चाक जाम करू शकते.

चेन लॉक (चेनची दोन टोके जोडणारी, क्लिपची कडी) बसवताना क्लिपचे बंद तोंड चेनच्या चालीच्या दिशेला असावे, उघडे तोंड मागे. उलट बसलेली क्लिप कशाला अडकली तर निघून येते.

बदल : चेन ताणून धरून 21 पिनांमधली 20 अंतरे मोजावीत. 428 मध्ये नवीन माप 254 मिमी. साध्या चेनसाठी 2 टक्के, म्हणजे सु. 259 मिमी. ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. रिंगांच्या चेनला उत्पादक बहुधा याहून कमी देतात. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वांत मागच्या टोकाला चेन ओढून अर्ध्याहून अधिक दात उघडा दिसला, तरी चेन बदलावी. नवी चेन आकडीसारख्या वाकलेल्या दातांवर चढवल्यास लवकर जाते, म्हणून दोन्ही स्प्रॉकेटांसह पूर्ण संच बदलणे हिताचे. पट्टीला केसाएवढी चीर दिसली तर माप न घेता चेन काढावी. जुन्या बॅटरीच्या नळीतून ठिबकलेले आम्ल अशा चिरांना कारण होते, तेव्हा त्या नळीचे तोंड चेनपासून दूर आहे का तेही पाहावे.

दीर्घकाळ उभी गाडी : तारवटींच्या (गोव्यातील खलाशांच्या) गाड्या बोटीवरची नोकरी संपेपर्यंत महिनोन्‌महिने घरी उभ्या असतात. चेन साफ व पूर्ण कोरडी करून नेहमीपेक्षा जास्त गिअर ऑइल द्यावे आणि चाक महिन्यातून एकदा कोणाकडून तरी फिरवून घ्यावे. परत आल्यावर चाक सावकाश उलटे फिरवत खालचा पदर पाहावा : आखडलेली कडी सरळ न होता कोपरा धरून राहते. तेल देऊन ती हाताने आडवी-उभी हलवावी. दोन-तीनदा तेल देऊनही कोपरा गेला नाही, तर आत गंज बसलेला असतो आणि चेन बदलावी लागते.