एका ग्रॅमात सव्वीस गुंठे

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू घाणीवरच जगतात, पण सगळी घाण काही त्यांना पचत नाही. कापडाचे रंग, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांचे अंश, प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) कामातले जड धातू यांतलं बरंच काही निसटून जातं. पुण्यात निसटलेलं मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत पोचतं.

यावर संशोधक घाण आपल्या पृष्ठभागावर चिकटवून घेणारे, जेमतेम काही अणूंएवढे जाड पापुद्रे वापरून पाहतायत. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूएवढा जाड पापुद्रा. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी तो चक्क चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलला. २०१० साली नोबेल मिळालं. एक ग्रॅम ग्राफीनचा पृष्ठभाग, दोन्ही बाजू धरून, कागदावरच्या हिशेबाने २,६३० चौरस मीटर भरतो, म्हणजे सव्वीस गुंठे. पुणेकरांना यात आणखी काही समजावायला नको!

पण नुसत्या गुंठ्यांवर भाळू नये. साधा सक्रिय कोळसाही ग्रॅमला हजारेक चौरस मीटर देतो, तोही स्वस्तात. पापुद्र्यांचं खरं बळ त्यांच्या रसायनात आहे. ग्राफीन ऑक्साइडवर (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनवर) ऋण भार असतो, म्हणून धन भाराचं शिसं किंवा मिथिलीन ब्लूसारखा रंग त्याला चटकन चिकटतो. क्रोमेट (पाण्यातलं क्रोमियमचं एक रूप) स्वतःच ऋण, ते दूर लोटलं जातं. तिथे टायटॅनियम कार्बाइडचं मॅक्सीन, म्हणजे धातू आणि कार्बनचा असाच पातळ पापुद्रा, कामी येतं: ते इलेक्ट्रॉन देऊन विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं कमी घातक तीन-संयुजी क्रोमियम करतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा आणखी एक पापुद्रा; त्यातलं गंधक पाऱ्याला धरून ठेवतं.

घोडं अडतं ते पुढे. प्रयोगशाळेत बहुधा शुद्ध पाण्यात एकच प्रदूषक घालून चाचणी होते; नाल्याच्या पाण्यात साबण, तेलकटपणा आणि कुजकं सेंद्रिय द्रव्य आधीच जागा अडवून बसतं. पापुद्रे एकमेकांना चिकटून पुन्हा थप्पी होते, मॅक्सीन तर पाण्यात हळूहळू ऑक्सिडाइज होतं. शिवाय पापुद्रे पाण्यासोबत वाहून गेले तर तेच नवं प्रदूषण. म्हणून त्यांना चुंबकीय लोह ऑक्साइडची जोड देतात म्हणजे चुंबकाने परत ओढता येतात, किंवा गाळणीच्या पडद्यात बसवतात. आम्लाने धुऊन ते पुन्हा वापरता येतात, पण शिसं आता आम्लात उतरलेलं असतं; त्याची विल्हेवाट कोणी लावायची?

त्यामुळे अख्ख्या नदीसाठी हा उपाय सुचवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. प्लेटिंगच्या कारखान्यात, सांडपाणी गटाराला मिळण्याआधीच, तो बसवून पाहावा. तिथे पाणी थोडं असतं, धातू कोणता ते माहीत असतं आणि वापरलेला माल धोकादायक कचरा म्हणून कोणाच्या नावावर चढवायचा हेही ठरवता येतं.