स्वस्त प्रोसेसर वाढवावा की महागडा घ्यावा : ओव्हरक्लॉकिंगची पार्श्वभूमी

लग्नसराई तोंडावर आली की वणी, दर्यापूर, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावांतील फोटो-व्हिडिओ स्टुडिओंत एक प्रश्न हमखास निघतो. नव्या संगणकात वरच्या श्रेणीचा महागडा प्रोसेसर बसवावा, की स्वस्तातला घेऊन ओव्हरक्लॉक करावा, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वेगाने चालवावा? नागपूरच्या सीताबर्डीवरून संगणक जुळवून आणणारे अनुभवी लोक बहुधा दुसरा पर्याय सुचवतात. तो सल्ला एका काळात पूर्णपणे खरा होता. तो काळ कोणता आणि तो का संपला, हे कळले तरच आज खर्च कोठे करावा हे ठरवता येते.

मुळात ही संधी निर्माण होते ती चिपच्या प्रतवारीमुळे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर तयार झालेल्या चिप सारख्या निघत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर अधिक वेग सहन करतात, काहींना तो झेपत नाही. चाचणी घेऊन त्यांना वेगवेगळी नावे आणि किमती दिल्या जातात. कापसाच्या प्रतवारीशी याचे साम्य आहे, पण एक मोठा फरक आहे : बाजारात स्वस्त चिपला मागणी जास्त असेल, तर कंपनी उत्तम मालावरही खालच्या प्रतीचे नाव छापून तो विकते. ओव्हरक्लॉकिंगची सारी बचत या छापील नावाच्या आड दडलेल्या क्षमतेतून येत असे.

१९८४ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसी एटीमध्ये ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत असे, आणि मदरबोर्डवरील १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे वेगाचा ठेका देणारा सुटा भाग, काढून १६चा बसवला की तो ८ वर चाले. आयबीएमने पुढे बायोसमध्येच, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतच, वेगाची तपासणी घालून ही वाट अडवली. ग्राहकाने वाट शोधायची आणि कंपनीने ती बंद करायची, हा क्रम पुढेही चालू राहिला.

या इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग ऑगस्ट १९९८चा. इंटेलचा सेलेरॉन ३००ए त्या वेळी १४९ डॉलरला आला. प्रोसेसरचा वेग म्हणजे त्याला उरलेल्या संगणकाशी जोडणाऱ्या बसचा वेग गुणिले ठरावीक गुणक. येथे गुणक ४.५ आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ होता. बस १०० वर नेली की चिप सरळ ४५० मेगाहर्ट्झवर जाई, आणि असंख्य चिप हा वेग विनातक्रार पेलत. त्याच महिन्यात आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ची किंमत ६६९ डॉलर होती. सेलेरॉनमधील कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली छोटी स्मृती, १२८ केबीच होती, पण ती चिपवरच असल्याने पूर्ण वेगाने चाले. पेंटियम २ची ५१२ केबी कॅश मात्र बाहेर असून निम्म्या वेगाने चालत असे. त्यामुळे बऱ्याच कामांत हा स्वस्त प्रोसेसर महागड्याच्या बरोबरीने उभा राहिला. आजही ऐकू येणाऱ्या सल्ल्याचे मूळ याच अनुभवात आहे.

कंपन्यांनी गुणकाला कुलूप लावले, त्यामागे एक रास्त कारणही होते : काही व्यापारी स्वस्त चिपवर वरचा वेग छापून ती महाग विकत. तरीही २०००च्या सुमारास एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉनवरील एल१ नावाचे तुटके जोड साध्या पेन्सिलीने जोडता येत. शिशातील ग्राफाइट वीज वाहून नेई आणि कुलूप उघडे.

खरे वळण २००८ ते २०११ या काळात आले. २००८च्या अखेरीस इंटेलच्या कोअर आय७मध्ये टर्बो बूस्ट आले, म्हणजे शिल्लक क्षमता चिप स्वतःच वापरू लागली. जानेवारी २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत मूळ क्लॉक, म्हणजे बसच्या जागी आलेला पायाभूत वेग, इतर सर्व जोडण्यांशी बांधला गेला आणि बस वाढवण्याची जुनी युक्ती निकामी झाली. आता वेग वाढवायचा तर २५००के, २६००के अशी के अक्षराची चिप आणि त्यासोबत विशिष्ट मदरबोर्ड घ्यावा लागे. जी सवलत स्वस्त मालावर फुकट मिळत होती, ती महाग मालाचे वैशिष्ट्य म्हणून विकली जाऊ लागली. के चिप, तिला लागणारा झेड मालिकेचा बोर्ड आणि मोठा कूलर यांची बेरीज केली, तर बहुतेकदा त्या पैशांत वरच्या श्रेणीचा प्रोसेसर येतो. एएमडीच्या २०१७च्या पहिल्या रायझन मालिकेने थोडा काळ जुने दिवस परत आणले. ३२९ डॉलरचा रायझन ७ १७०० वाढवला की तो ४९९ डॉलरच्या १८००एक्सच्या अगदी जवळ जाई. पुढच्या पिढ्यांत मात्र एएमडीनेही ही शिल्लक कारखान्यातच वापरून टाकली.

विदर्भात याला उन्हाळ्याची जोड मिळते. चिपचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण जास्त वेगासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वीजवापर वाढतो. म्हणून शेवटच्या थोड्या वेगासाठी उष्णता फार निर्माण होते. पंखा कितीही मोठा असला तरी चिप खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. परीक्षणे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. नवतपात दुपारी वीज गेली, डेझर्ट कूलर थांबला आणि इन्व्हर्टरवर रेंडरिंग चालू राहिले, तर खोली ४० अंशांवर जाते. परीक्षणात ८० अंशांवर चाललेली चिप येथे ९५ ते १००च्या मर्यादेला टेकते आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. वाढवलेला वेग नेमका कामाच्या दिवसांत हातचा जातो.

सर्वांत महागडी चिप हा यावरचा उपाय आहे, असेही नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील वरच्या प्रोसेसरना वाढीव व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, मायक्रोकोडची, म्हणजे चिपच्या आतील आज्ञावलीची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. शिवाय लग्नाच्या व्हिडिओसाठी २०११ पासून इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये असलेली क्विक सिंक ही व्हिडिओ झटपट तयार करणारी सोय वाढवलेल्या मेगाहर्ट्झपेक्षा जास्त उपयोगी पडते. थोडे पैसे वाचवण्यासाठी अंतर्गत ग्राफिक्स नसलेली एफ अक्षराची चिप घेणारे तिला मुकतात, आणि दुकानदार हे क्वचितच सांगतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीचा रायझन ९ ७९००एक्स ५४९ डॉलरला आला. त्याचा ठरलेला वीजवापर १७० वॉट होता. जानेवारी २०२३ मध्ये तितक्याच १२ कोअरचा ७९०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर पंख्यासह ४२९ डॉलरला आला, आणि सर्व कोअर गुंतवणाऱ्या कामातही तो थोडाच मागे राहतो. एक्स घेतला असेल, तर बायोसमधील वीजवापर कमी करणारा इको मोड निवडून तोच परिणाम मिळवता येतो. आपल्याकडच्या स्टुडिओसाठी आज शिकण्याजोगी सेटिंग वेग वाढवण्याची नसून ही वॉट कमी करण्याची आहे. वाचलेले पैसे रॅम, एसएसडी आणि चांगला यूपीएस यांवर घातले, तर रेंडरिंगच्या वेळेत आणि यंत्राच्या आयुष्यात त्यांचा फरक दिसतो.