हिरडीखाली तुटलेल्या पुढच्या दाताची पुनर्बांधणी

मार लागून पटाशीचा दात हिरडीच्या कडेखाली तुटला, तर जबड्यात उरलेल्या मुळाच्या आधारे तो पुन्हा उभा करण्याचा दंतोपचार. मुंबईत असे रुग्ण मैदानात सीझन बॉल तोंडावर बसलेले, दुचाकीवरून पडलेले किंवा दहीहंडीच्या थरांतून कोसळलेले असतात. वरचे मधले दोन दात सर्वांत पुढे असल्याने मार बहुधा तेच खातात.

भेग सहसा तिरकी जाते. ओठाच्या बाजूला ती हिरडीच्या बाहेर दिसते आणि टाळूच्या बाजूला हिरडीत खोल उतरते. तुकडा हलतो, पण आतल्या बाजूने चिकटलेला राहतो. त्यामुळे समोरून दुखापत किरकोळ वाटते. साध्या एक्स-रेत टाळूकडची रेघ अनेकदा दिसतच नाही. अशा वेळी सीबीसीटी स्कॅन (त्रिमितीय एक्स-रे) उपयोगी पडतो. निखळलेला तुकडा दुधात किंवा सलाइनमध्ये ओला ठेवून लगेच दवाखान्यात न्यावा. तो चांगला असेल आणि तुटलेली कड कोरडी ठेवता येत असेल, तर बाँडिंगने परत चिकटवता येतो.

खरा प्रश्न भेग हाडापासून किती अंतरावर आहे, हा असतो. हाडाच्या कडेवर हिरडी दाताला साधारण 2 मिमी उंचीपर्यंत घट्ट चिकटलेली असते. कॅपची कड या पट्ट्यात घुसली की हिरडी कायम लाल राहते, रक्त येते आणि हाड झिजते. त्यावर कॅपला पकड मिळायला आणखी सुमारे 2 मिमी शाबूत दात लागतो. एवढा दात नसताना नुसता पोस्ट (मुळाच्या पोकळीत बसवायची दांडी) घालून कॅप बसवली, तर पोस्ट सुटण्याची किंवा मूळ उभे चिरण्याची भीती असते. घाईघाईत नेमके हेच केले जाते.

म्हणून हाडावर दात मोकळा करावा लागतो. टाळूच्या बाजूची हिरडी थोडी कापली तरी दिसत नाही. ओठाच्या बाजूला हिरडी आणि हाड कापले, तर तो दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसतो आणि हसताना लगेच नजरेत भरतो. तिथे रूट कॅनाल करून तारांनी मूळ हळूहळू खाली ओढणे श्रेयस्कर. ओढायला काही आठवडे लागतात, नंतर ते स्थिर होण्यासाठी आणखी काही आठवडे ते दोन-तीन महिने धरून ठेवतात. हिरडी आणि हाड सोबत खाली येऊ नये म्हणून मधूनमधून हिरडीचे तंतू कापतात. मूळ टोकाकडे निमुळते असल्याने ओढलेल्या दाताची मान बारीक होते. कॅपचा आकार देताना तंत्रज्ञाचे कसब तिथे लागते. मूळ आखूड असेल तर हा मार्ग बंद होतो, कारण हाडात उरलेला भाग कॅपच्या लांबीइतका तरी हवा.

दुसऱ्या पद्धतीत मूळ शस्त्रक्रियेने सैल करून थोडे बाहेर बसवतात आणि शेजारच्या दातांना लवचिक तारेने बांधतात. वेळ वाचतो, पण नंतर मूळ विरघळण्याचा धोका असतो.

विरार, कल्याणहून लोकलने येणाऱ्या नोकरदाराला वारंवार फेऱ्या जड जातात, आणि ‘काढून इम्प्लांट (हाडात स्क्रूसारखा बसवलेला कृत्रिम दात) लावा’ अशी मागणी होते. ही अडचण खरी आहे. तरीही वाचण्याजोगे मूळ निव्वळ फेऱ्या टाळण्यासाठी काढू नये. दात निघाला की पुढचे पातळ हाड लवकर खचते. नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात किंवा शासकीय दंत महाविद्यालयात हिरडी, रूट कॅनाल आणि तारांचे विभाग एकाच ठिकाणी आहेत, ही मोठी सोय.

मूळ उभे चिरले असेल, तर मात्र दात काढावाच लागतो. वाढत्या मुलांना इम्प्लांट लावत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट जागचा हलत नाही. त्यांच्या बाबतीत शक्य असेल तर मूळ हिरडीखाली झाकून ठेवतात, म्हणजे हाड टिकते, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत काढता-घालता येणारा दात देतात.